पोपटाची कॅसेट आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षा डोळ्यांनी चालते. कानांनी ती जवळजवळ बहिरी आहे. छापून आलेल्या चार कवितांवर चाळीस पानांचा लेख लिहिणारा समीक्षक, ज्या गाण्यावर वाडी-वस्तीच्या दोन पिढ्या वरातीत नाचल्या त्या गाण्यावर चार ओळी लिहीत नाही. आनंद आणि मिलिंद शिंदे या कल्याणच्या दोघा भावांना घराघरांत पोचवणारी ‘नवीन पोपट हा’ ही ध्वनिफीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिला प्रतिसाद मिळाला तो दोन प्रकारचा. लोकांनी ती विकत घेतली, वाजवली, फीत तुटेपर्यंत वाजवली. शिकलेल्यांनी तिला ‘सवंग’ हा एक शब्द दिला आणि विषय संपवला. प्रस्थापितांनी या ध्वनिफितीचे परीक्षण का केले नाही, हे समजण्यासारखे आहे. आपण का केले नाही, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे आणि तो आपल्याच नियतकालिकांच्या पानांवर विचारला गेला पाहिजे.

(एक खुलासा. याच सुमारास हिंदी चित्रपटात आनंद-मिलिंद नावाची संगीतकारांची दुसरी जोडी गाजत होती. ‘कयामत से कयामत तक’ १९८८चा. ते चित्रगुप्त यांचे चिरंजीव. त्या आनंद-मिलिंदवर चित्रपट-साप्ताहिकांनी रकानेच्या रकाने लिहिले. कल्याणच्या आनंद-मिलिंदच्या वाट्याला रसवंतीगृहातला लाऊडस्पीकर आला.)

या दोघांचे वडील प्रल्हाद शिंदे. मूळ मंगळवेढ्याकडचे हे घराणे कल्याणात स्थिरावले. मंगळवेढा म्हणजे जिथे गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले ते गाव. ज्या पंढरपूरच्या देवळात चोखोबाला पाऊल टाकता आले नाही, आणि जिथला दरवाजा उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, त्या पंढरपूरच्या वाटेचे गाणे महाराष्ट्राच्या कानात बसले ते प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात. आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लागले नाही असे गाव सापडणार नाही. याच आवाजाने सत्यनारायणाची कथा गायिली, कव्वाली गायिली आणि याच आवाजाने भीमगीते गायिली.

या गोष्टीकडे आपल्या चळवळीने नेहमीच संशयाने पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला गायक विठ्ठलाचे गाणे गातो, याचा अर्थ काय लावायचा? अर्थ साधा आहे, पण तो पचवणे कठीण आहे. भीमगीतांचा कार्यक्रम वस्तीच्या वर्गणीवर होतो. भक्तिगीताची तबकडी कंपनी काढते. गायकाला गळा एकच असतो आणि पोटही एकच. परंतु येथे एक वेगळीच गोष्ट घडली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रल्हाद शिंदे विठ्ठल गात होते तोपर्यंत पांढरपेशा श्रोत्याला त्या आवाजाची जात ऐकू आली नाही. तो ‘खणखणीत’ आवाज होता, ‘मातीतला’ आवाज होता, ‘भक्तिरसपूर्ण’ आवाज होता. मुलांनी तोच घराण्याचा गळा पोपटाच्या गाण्याला लावला, तेव्हा मात्र तो आवाज एकाएकी झोपडपट्टीचा झाला. गळा बदलला नव्हता, ऐकणाराही तोच होता. देवाच्या निमित्ताने जे सहन होत होते ते चेष्टेच्या निमित्ताने सहन झाले नाही, इतकाच फरक पडला होता.

आता खुद्द ध्वनिफितीकडे येऊ. ती कशी शक्य झाली, हे समजल्याशिवाय ती काय आहे हेही समजणार नाही.

तबकडीच्या काळात कोणाचा आवाज महाराष्ट्राने ऐकायचा हे दोन दारांवर ठरत असे. एक ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे एचएमव्हीचे, दुसरे आकाशवाणीचे. आकाशवाणीत श्रवणचाचणी होती, श्रेणी होत्या आणि त्या श्रेणी देणाऱ्यांचे कान कुठल्या घरांत तयार झाले होते हे सांगायला नको. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले आणि मराठी सुगम संगीताच्या अभिरुचीला जणू घटनाच मिळाली: मायक्रोफोनशी लगट करणारा हलका स्वर, स्वच्छ ‘शुद्ध’ उच्चार, तालवाद्य मागे, शब्द पुढे. मी या संगीताची निंदा करीत नाही. सुधीर फडके यांची चाल ऐकून ज्याला काही वाटत नाही त्याच्याशी संगीतावर बोलण्यात अर्थ नाही. पण एका प्रकारचे सौंदर्य म्हणजेच सौंदर्य, असे एकदा ठरले की बाकीचे सगळे कान आपोआप ‘असंस्कृत’ ठरतात.

कॅसेटने ही दोन्ही दारे ओलांडली. तबकडी दाबायला कारखाना लागतो. कॅसेटच्या प्रती काढायला एक खोली आणि चार यंत्रे पुरतात. अमेरिकन संशोधक पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात हे सविस्तर दाखवले आहे की, कॅसेट आली आणि एका कंपनीची मक्तेदारी मोडून शेकडो लहान उत्पादक उभे राहिले, त्यांच्याबरोबर बोलींची, जातींची, प्रदेशांची गाणी बाजारात आली. टी-सीरीजचे गुलशनकुमार यांनी १९८३ साली कंपनी काढली; फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातला माणूस देशाच्या संगीतबाजाराचा धनी झाला. या उलथापालथीत कल्याणसारख्या जागेचा वाटा मोठा आहे. कल्याण हे जंक्शन. नाशिक-भुसावळकडून आणि पुणे-सोलापूरकडून येणाऱ्या दोन्ही वाटा येथे मिळतात. माणसे त्याच वाटांनी आली, गिरण्यांत, रेल्वेत, अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांत लागली आणि चाळींत राहिली. शेजारी उल्हासनगर, जिथे कुठल्याही वस्तूची नक्कल मिळते अशी ख्याती. टेप वाजवायला रेडिओसारखी कोणाची परवानगी लागत नव्हती आणि गाणे कधी लावायचे हे केंद्रसंचालक ठरवीत नव्हता. चाळीतल्या एकाकडे टेपरेकॉर्डर आला की तो सगळ्या चाळीचा होई.

‘पोपटा’चे संगीत या चाळीच्या कानासाठी बांधलेले आहे. पाया ढोलकीचा, म्हणजे तमाशाचा आणि जलशाचा. तिच्यावर त्या काळी नव्याने हाती आलेली विजेवरची वाद्ये, तो ‘कीबोर्ड’ ज्यातून सनईही निघते आणि सनई नव्हे असे भलतेच काहीतरीही निघते. गळ्यावर भरपूर प्रतिध्वनी. संगीताच्या जाणकारांना हा सगळा प्रकार कृत्रिम, पत्र्यासारखा वाटला. पत्र्यासारखा आहेच. पण हे संगीत मुळी पत्र्याखाली ऐकण्यासाठी केलेले होते. दिवाणखान्यात पाय दुमडून ऐकण्यासाठी नव्हे. वरातीत चालता चालता ऐकायचे, रिक्षात ऐकायचे, नळावर रांगेत ऐकायचे, मालगाडी धडधडत जात असताना ऐकायचे. त्या गोंगाटातून पार जाणारा आवाज हवा. शिंदे बंधूंचा गळा तसा आहे: वर चढलेला, उघडा, कव्वालीने आणि उघड्या मैदानातल्या भीमगीतांनी घडवलेला. हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत बाबासाहेबांचे नाव पोचवण्यासाठी जो गळा तयार झाला, तोच येथे पोपटाच्या थट्टेला लावला आहे. विनोद निम्मा शब्दांत आहे आणि निम्मा या विसंगतीत आहे. एवढ्या धीरगंभीर, ठाम आवाजात कोणी एवढी फालतू गोष्ट सांगावी! या गाण्याचा आस्वाद घेणाऱ्या बाईला-माणसाला हे नेमके कळते. ज्याने ते भीमगीत ऐकलेलेच नाही त्या समीक्षकाला हा विनोद अर्धाच ऐकू येणार, आणि जो अर्धा ऐकू आला त्याला तो सवंग म्हणणार.

‘अश्लील’ या आरोपाचे काय? आरोप द्व्यर्थाचा आहे. मराठीला द्व्यर्थ नवा नाही. राम जोशी (१७६२–१८१२) यांच्या शृंगारिक लावण्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. त्यांतल्या श्लेषावर प्राध्यापक तास घेतात, टिपा देतात. होनाजी, सगनभाऊ यांच्याविषयीही तेच. पेशवाईतल्या चाळ्यांना दोनशे वर्षे झाली की त्यांचे ‘वाङ्मयीन सौंदर्य’ होते. कल्याणच्या चाळीतल्या चाळ्यांना मात्र कधीच मुदत पुरी होत नाही. दादा कोंडके यांच्यावरही द्व्यर्थाचा आरोप झाला, सेन्सॉरशी त्यांची भांडणे गाजली. तरीही ‘सोंगाड्या’ (१९७१)पासून त्यांच्या विनोदाला मराठी माणसाचा विनोद म्हणून एक पाठीराखा वर्ग मिळाला, पुढे अभ्यासकही मिळाले. शिंदे बंधूंना हजारो श्रोते मिळाले, अभ्यासक नाही.

येथवर लिहिले ते प्रस्थापितांविषयी. ते लिहायला सोपे असते आणि आपल्या वाचकांना आवडते. आता आपल्याविषयी.

१९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. तेंडुलकरांची प्रस्तावना होती, तरी शिव्यांनी आणि शब्दांनी पांढरपेशे हादरले. तेव्हा आपण सगळे ठामपणे म्हणालो की अश्लीलता शब्दात नसते, ती त्या समाजरचनेत असते जी माणसाला त्या शब्दात जगायला लावते. ही भूमिका बरोबर होती. मग पंधराएक वर्षांनी आलेल्या पोपटाच्या वेळी आपल्यातलेच अनेकजण शनिवार पेठेच्या भाषेत का बोलू लागले? ‘समाजाची बदनामी’, ‘चळवळीच्या गायकांना हे शोभते काय’, ‘बाबासाहेबांचे गाणे गाणाऱ्या तोंडाने…’ हे उद्गार आजही कार्यकर्त्यांच्या बैठकीत ऐकायला मिळतात.

यात एक कारण वर्गाचे आहे. आमच्यासारख्या, घरातल्या पहिल्या पदवीधरांना ही गाणी अवघडल्यासारखी करतात. ज्या वस्तीतून आपण वर आलो तिची खूण म्हणून ती आपल्या मागे वाजत असतात. स्टाफरूममध्ये कोणी हसत हसत ‘तुमचे ते पोपटवाले’ म्हणाले की त्या ‘तुमचे’मध्ये काय भरलेले आहे हे दोघांनाही ठाऊक असते. अशा वेळी गाण्याला नावे ठेवणे हा सर्वांत स्वस्त बचाव. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी याची चर्चा फार पूर्वी केली आहे. लँग्स्टन ह्यूज यांनी १९२६ सालच्या आपल्या निबंधात काळ्या मध्यमवर्गाला त्यांच्याच लोकांच्या गाण्याची वाटणारी लाज उघडी केली. पुढे लिरॉय जोन्स यांनी ‘ब्लूज पीपल’ (१९६३)मध्ये तिचा इतिहास लिहिला. आपण ब्लॅक पँथरचे नाव घेतले, काळ्या कवितेची भाषांतरे केली, पण त्यांच्या संगीतसमीक्षेकडे पाहिले नाही. तिथले एक उदाहरण तर शिंदे घराण्याशी शेजारधर्म सांगणारे आहे. १९२८ साली टँपा रेड आणि जॉर्जिया टॉम या काळ्या जोडीने एक उघडउघड द्व्यर्थी गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते तुफान खपले. यातला जॉर्जिया टॉम म्हणजे टॉमस डॉर्सी. हाच माणूस पुढे काळ्या चर्चच्या ‘गॉस्पेल’ गायनाचा जनक मानला गेला. तिथल्या अभ्यासकांनी त्या दोन गाण्यांमधले नाते शोधले. एका गाण्यासाठी दुसरे झाकून ठेवले नाही.

पण आपल्या चळवळीचा सगळाच आक्षेप लाजेतून आलेला आहे असे मी मानत नाही. त्यात एक जुना आणि खरा धागा आहे. आंबेडकरी जलसा उभा राहिला तो तमाशाला नकार देऊन. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला गणही आणि बाईचा नाचही बाजूला ठेवला आणि त्या जागी शिक्षणाचा, सत्याग्रहाचा विषय आणला. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी पैसे देऊ केले तेव्हा महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारल्याची हकिकत आपल्याकडे सांगितली जाते. पवळा महाराची होती. बापूराव कुलकर्णी होते. आणि नाव राहिले ते बापूरावांचे. हा सगळा इतिहास डोळ्यांसमोर असताना स्त्रीला चेष्टेचा विषय करणाऱ्या गाण्याकडे संशयाने पाहणे हा भित्रेपणा नव्हे.

शर्मिला रेगे यांनी २००२ साली लावणी आणि पोवाड्यावर लिहिताना हा गुंता नीट मांडला: खालच्या जातींच्या स्त्रियांच्या श्रमावर आणि शरीरावर उभी राहिलेली कला ‘लोककला’ म्हणून गौरवता येत नाही, तशी ती ‘हीन’ म्हणून झटकताही येत नाही. पुढे २००८ साली त्यांनीच आंबेडकर जयंतीच्या पुस्तिकांचा आणि गाण्यांचा अभ्यास करून दाखवले की ज्याला बाहेरचे लोक व्यक्तिपूजा म्हणतात त्यात एका समाजाची स्वतंत्र सार्वजनिक विचारचर्चा चालू असते. रेगे २०१३ साली गेल्या. त्यांनी उघडलेली ही वाट आपल्याकडे फार थोड्यांनी चालून पाहिली. शरद् पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ आले, दोन्ही मोलाची. पण आपल्या सौंदर्यशास्त्राचा मुख्य आधार छापील पानच राहिला. १९५८च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन ज्या अण्णा भाऊ साठे यांनी केले ते शाहीर होते, हे आपण समारंभात सांगतो आणि समीक्षेत विसरतो.

माझे मत विचाराल तर ते असे. ‘पोपट’ हे निरागस गाणे नाही. त्यातली बाई पुरुषांच्या आपसातल्या थट्टेसाठी उभी केलेली आहे. तिला स्वतःचे बोलणे नाही. याच बाबतीत ते ‘गोलपिठा’हून वेगळे आहे: ढसाळांचा शब्द व्यवस्थेच्या अंगावर जातो, पोपटाचा शब्द बाईकडे पाहून डोळा मिचकावतो. त्यानंतर पोपटाच्या मागोमाग जो थवा बाजारात आला त्यातली बरीच गाणी नुसतीच डोळा मिचकावणारी होती. त्यांत ना गळा होता ना खोडी. एवढे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की हळदीच्या रात्री या गाण्यावर बाया नाचतात आणि त्या कोणाच्या नाचवण्याने नाचत नाहीत. दिवसभर कचरा उचलून, धुणीभांडी करून आलेली बाई पदर खोचून मांडवात उतरते तेव्हा गाण्यातल्या पोपटाची टोपी ती भलत्याच डोक्यावर घालते. नवऱ्याकडे बोट करून तिने ते गाणे म्हटलेले मी पाहिले आहे. गाणाऱ्याने ज्या बाईला मुकी ठेवले तिला नाचणारीने बोलती केले. समीक्षेने हे दोन्ही लिहायला हवे. नुसते पहिले लिहिले तर ती पोलिसी होते. नुसते दुसरे लिहिले तर ती आजच्या फॅशनची होते, जिच्यात खालच्या थरातले जे जे काही दिसेल ते ते ‘विद्रोही’ असते.

आणि ज्यांना ‘चळवळीला बट्टा’ वाटतो त्यांनी जयंतीच्या मिरवणुकीत कोणाचा आवाज वाजतो ते ऐकावे. आनंद शिंदे यांच्या आवाजातल्या भीमगीतांशिवाय १४ एप्रिल होत नाही. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, सव्वा महिन्याच्या अंतराने गेले. वामनदादा आयुष्यभर फाटक्या खिशाने फिरले, एकाही पोपटाला त्यांनी हात लावला नाही. त्यांची निष्ठा वादातीत आहे. पण त्या निष्ठेची किंमत त्यांनी एकट्याने भरली आणि आपण टाळ्या वाजवल्या. १९९७ साली रमाबाई आंबेडकर नगरातल्या गोळीबारानंतर विलास घोगरे यांनी जीव दिला. ते झोपडीत राहत होते. जो समाज आपल्या शाहिराला जगवू शकत नाही त्याने बाजारात गेलेल्या गायकाकडे पावती मागण्यापूर्वी थोडे थांबावे.

सरकारदरबारी दृश्य आणखी निराळे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या महाराष्ट्र मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून शिफारस केलेल्या बारा नावांत आनंद शिंदे यांचे नाव कलाक्षेत्रातून होते. त्या यादीवर निर्णय झालाच नाही. नंतर सरकार बदलले आणि यादी मागे घेतली गेली. राजकारण काय असेल ते असो. राज्याच्या मंत्रिमंडळाने ज्याला कलावंत म्हणून कागदावर लिहिले त्याच्या कलेवर मराठीत एक धड परीक्षणात्मक ग्रंथ समोर ठेवता येत नाही. तिसऱ्या पिढीतले आदर्श शिंदे आता चित्रपटांतून गातात. ‘दुनियादारी’ (२०१३)मधल्या गाण्यापासून त्यांचा आवाज दिवाणखान्यातही शिरला आणि वृत्तपत्रे त्यांच्या मुलाखती छापतात. घराण्याचा गळा पुन्हा ‘खणखणीत’ झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी ‘कॅसेटयुगातील कल्याण परिसरातील मराठी गाणी’ हा विषय मागितला. तिच्याकडे सामग्री होती: मामाच्या माळ्यावरच्या दोन खोकी कॅसेट, काहींना बुरशी लागलेली, काहींची फीत पेन्सिलीने गुंडाळून घेतलेली, वेष्टनांवर गीतकारांची, वादकांची नावे, ज्यांची नोंद कुठल्याही कोशात नाही. बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या तिघांच्या मुलाखती तिने आधीच घेतल्या होत्या. विषय ‘वाङ्मयीन मूल्य नाही’ असा शेरा मारून परत आला. त्या समितीत आपल्या चळवळीतलेही एक गृहस्थ होते. मुलगी हुशार. तिने ‘शृंगारिक लावणीतील श्लेष : राम जोशी’ असा दुसरा अर्ज दिला. तो आठवड्यात मंजूर झाला. कॅसेटची खोकी सध्या माझ्याकडे आहेत.